टाळूवरचा जंतू

२ फेब्रुवारी
विभागप्रमुखाची जागा रिकामी. मुलाखत अठराला. उमेदवार दोन : मी आणि ॲलर्जीवाल्या मॅडम. म्हणजे एकच. जंतुशास्त्राच्या विभागात जंतू मी शिकवतो. त्या शिकवतात, शरीर उगाच कसं चिडतं ते. चिडणं हा काय विषय झाला? तो आमच्या घरीही शिकवतात, फुकट.
संकल्प : रोज फिरणे. व्यक्तिमत्त्वाकडे लक्ष देणे.

५ फेब्रुवारी, सकाळ
परवा केसांची निगा राखली. (मी केस रंगवत नाही. त्यांना मूळ रंगाची आठवण करून देतो.) आज टाळूला खाज, कानामागे पुरळ. फिरायला गेलो नाही. आजारी माणसाने फिरू नये.

६ फेब्रुवारी
पुरळ कपाळावर आलं. बायको म्हणाली, अहो, त्या डायमुळेच होतंय, मागच्या वेळीही झालं होतं. मी म्हणालो, वर्षानुवर्षं तोच डाय लावतोय, आजच वैरी कसा होईल? निरुत्तर झाली. म्हणजे उठून गेली.
हा जंतुसंसर्गच.

८ फेब्रुवारी
काल टाळूवर कापसाचा बोळा फिरवून जंतू वाढवायच्या प्लेटवर लावला, प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली. आज पांढरे ठिपकेच ठिपके. स्टॅफिलोकोकस जंतू! सापडला लेकाचा. हा सगळ्यांच्याच कातडीवर असतो, गुण्यागोविंदाने राहतो, कबूल. पण सगळ्यांचा गरीब असेल. माझा आहे कशावरून?
कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, असं मी दरवर्षी कळकळीने सांगतो. विद्यार्थ्यांना.

११ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये मॅडमनी कपाळाकडे बघून हळूच विचारलं, सर, डाय लावता का? भीडभाड काही नाहीच! वर लेक्चर. काही जंतू विष सोडून स्वतः नासधूस करतात, पण कधीकधी भुरटा चोरही नसतो, पकडायला आलेले शरीराचे पोलीसच दुकान फोडून ठेवतात. शरीराचा हा राग एक-दोन दिवसांनी उठतो, आणि पुढच्या खेपेला जास्त उठतो. पुन्हा लावू नका, डोळे सुजतील. स्किनच्या डॉक्टरांकडे पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट करून घ्या.
पट्ट्या लावून घ्यायला मी काय पार्सल आहे? डाव ओळखला. मुलाखतीला मी म्हातारा दिसावा, हाच.

१५ फेब्रुवारी
पुरळ गेलं! गोळ्यांचा विजय. आता बोला, मॅडम.

१६ फेब्रुवारी, सकाळ
भांगात पांढरं दिसतंय. पुन्हा निगा. जरा जास्त वेळ ठेवली. बायकोने हात जोडले, म्हणाली, पांढऱ्या केसांनी पद जात नाही हो. मी म्हणालो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

१८ फेब्रुवारी, दुपार
एका डोळ्याने लिहितोय. दुसरा उघडत नाही.
मुलाखत छान झाली. आत जाताच अध्यक्षांनी विचारलं, डॉक्टरांना बोलवायचं का? मी ठणकावून सांगितलं, काही नाही, साधा संसर्ग आहे. मग जंतू रोग कसा करतो ते सांगितलं : चिकटतो, आत शिरतो, विष सोडतो, पसरतो. ‘पसरतो’ला कमिटी खुर्च्यांसकट मागे सरकली. कमिटीतल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. प्रभाव पडला.
बाहेर मॅडमनी आपली मुलाखत तासभर पुढे ढकलायला लावली आणि मला गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. मी नको म्हणत होतो. दिसत नव्हतं म्हणून बसलो.

१९ फेब्रुवारी
काल डॉक्टर म्हणाले, डायची ॲलर्जी, आयुष्यभर बंद. स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर मॅडमच्याच गटाचे.
मॅडम विभागप्रमुख झाल्या. जीव जळला. खोटं कशाला लिहू?

२१ फेब्रुवारी
आज मॅडमचा ॲलर्जीवरचा तास. खंडन करायला प्लेट घेऊन गेलो. बायको म्हणाली, सूज तरी उतरू द्या. ऐकलं नाही. प्लेट उंच धरून म्हणालो, हा बघा गुन्हेगार! एका मुलीने हात वर केला. सर, हा तर सगळ्यांच्या कातडीवर असतो ना, तुम्हीच शिकवलंत. हुशार आहे. ऐकते.
मॅडमनी अदबीने खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, हरकत नसेल तर मुलांना कपाळ बघू द्याल? मी म्हणालो, बघा, खुशाल बघा, जंतूच दिसतील!
अख्खा वर्ग उठून भोवती जमला. माना वाकवून, वह्या उघडून, चिडीचूप. इतक्या वर्षांत माझ्या तासाला असं लक्ष कोणी दिलं नव्हतं.
पण तास मॅडमचा होता.