सासूच्या पाठीवर खो

बाई, आज संध्याकाळी मैदानावर तुमची फार आठवण झाली. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्या पोरींनी मोठ्या बायांना वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. एक नवी मुलगी आहे, मराठी समजते पण बोलत नाही. ती मला म्हणाली, "दादी, ये पैर छूना भी खो-खो के रूल में है क्या?" मी इतकी हसले की पदर तोंडाला लावावा लागला. तिला सगळं सांगत बसले असते तर आरतीची वेळ टळली असती. म्हणून घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पाठ ताठ करून बसते.

तुमची ओळख झाली तेव्हा, लग्न होऊन मी इकडे हिंदी मुलखात, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले त्याला दोन वर्षं झाली होती. शाळेत खो-खो खेळलेली, मॅट्रिक झालेली, आणि आता भाजीला जायचं तरी विचारून जाणारी. तुम्ही दफ्तरात नोकरी करायच्या, सायकलवर फिरायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलात, वाण घेतलंत, आणि सासूबाईंना सरळ विचारलंत, "सून पळते का हो?" त्या म्हणाल्या, "कुठं पळते? घरातच तर आहे!" सगळ्या बाया हसल्या, तुम्ही मात्र नाही. म्हणालात, "मग उद्या दोघी या." एकट्या सुनेचं नाव तुम्ही लिहीतच नव्हत्या. घरातली एक मोठी बाई बरोबर आणली तरच खेळायला घ्यायच्या. सासूच मैदानात येऊन बसली, मग घरी नाही म्हणणार कोण? असं करत करत तुम्ही पंधरा-सोळा जणी गोळा केल्या. सासवा नऊवारीत, काष्टा घालून अगदी ऐटीत. आणि आम्ही सुना साडीखाली नवऱ्याचे पायजमे घालून.

मैदान मात्र पोरांच्या क्रिकेटचं होतं. तुम्ही कॉलनीच्या कमिटीकडे संध्याकाळचा एक तास मागितलात, तर सेक्रेटरी म्हणाले, "दीदी, पहले एक ढंग का मैच करके दिखाइए. लोग बैठकर देख लें, तो मैदान आपका. नहीं तो भजन के लिए हॉल है ही." मग तुम्ही रेल्वे कॉलनीच्या बायांना सामन्याला बोलावलंत. त्या सगळ्या तरण्या, त्यांच्यात सासू एकही नाही. सेक्रेटरी घडीची खुर्ची घेऊन आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "दस मिनट रुकूँगा."

पहिल्या डावात आम्ही पाठलागावर. मी धावतेय, रेल्वेची एक उंच मुलगी माझ्या हाताच्या अंतरावर आहे, आणि पुढे ओळीत सासूबाई उकिडव्या बसल्यात. मागून त्यांच्या पाठीवर हात मारून खो म्हणायचं, एवढंच काम. मी गेले आणि माझा पाय त्यांना लागला. बाई, मी काय केलं ते तुम्ही पाहिलंत. मी थांबले, वाकले, त्यांना हात लावून तो कपाळाला लावला. तोवर उंच मुलगी पार पलीकडच्या खांबाशी जाऊन कमरेवर हात ठेवून हसत उभी! पंच हसले, पोरं शिट्ट्या मारायला लागली. सेक्रेटरींनी खुर्चीची घडी घालायला घेतली. माझं पाहून आणखी दोघी सुनांचेही हात कपाळाला गेले, त्यांचेही पाय लागले होते म्हणून. मैदान हातातून चाललं होतं आणि ते मी घालवत होते.

डाव संपल्यावर तुम्ही मला दंडाला धरून बाजूला नेलंत. "नमस्कार घरी कर. इथं ती तुझी सासू नाही, चौथ्या नंबरचा गडी आहे." मला रडूच आलं. तेवढ्यात सासूबाई आल्या, काष्टा खोचत. "काहून रडून राहिली वं? दिवसभराचे जेवढे पाय लागायचे तेवढ्याचा नमस्कार आत्ताच करून घे, अन् मोकळी हो." तुम्ही क्षणभर त्यांच्याकडे पाहिलंत आणि शिट्टीच वाजवलीत. सगळ्या सुना वाकल्या, सगळ्या सासवांनी एका दमात आशीर्वाद दिला. रेल्वेवाल्या बघतच राहिल्या, "ये कौन-सी पूजा हो रही है?" सेक्रेटरींनी मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली.

दुसऱ्या डावात पुन्हा आमचा पाठलाग, मी धावतेय. तीच उंच मुलगी. समोर तीच पाठ. मी सणसणीत हात मारला आणि "खो!" म्हणून अशी ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. सासूबाई उठल्या त्या नुसत्या सुटल्याच. बावन्न वर्षांची बाई! दोन ढांगांत त्या मुलीच्या खांद्यावर हात. सेक्रेटरी खुर्चीवर चढून ओरडत होते, "शाबाश माताजी!" आपण एका गुणानं हरलो, पण एक माणूस उठून गेलं नाही. सेक्रेटरी तुम्हाला म्हणाले, "मैदान आपका, बस लड़कों की पिच बचा के." तुम्ही म्हणालात, "पिच सरकवा."

त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. खो द्यावा तर हिच्यासारखा, मनात काही न ठेवता. ऐकताना मी खाली बघायची, आणि तुम्हाला वाटायचं मी लाजते आहे.

हे पत्र मी कुठं सोडणार नाही. ग्वारीघाटला नेलं तर नर्मदामाईत कागद टाकणं माझ्याच्यानं होणार नाही. पोथीखाली ठेवते. पण लिहिलंच आहे तर खरं लिहिते. सामन्याच्या दिवशी सकाळी नळावर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "हिच्या माहेरी पोरींना नुसतं जेवायला शिकवलं." मी तिथंच बादली भरत होते. तो हात त्या बोलण्याचा होता, बाई. त्यांना कळलं होतं. घरी आल्यावर पाठीला तेल लावायला मलाच बसवलं, पाची बोटं उमटली होती, आणि मान न वळवता म्हणाल्या, "झालं ना वं समाधान?" आम्ही दोघी इतक्या हसलो की सासऱ्यांनी बाहेरून विचारलं काय झालं म्हणून.

तुमचं कौतुक मला गोड लागायचं, म्हणून कधी बोलले नाही. खेळ मला खरा त्या दिवसानंतर यायला लागला.