दगडावर नसलेलं नाव

कार्निया, इटली, ऑक्टोबर १९६९

प्रिय एर्मेस,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. बेल्जियमच्या त्या खाणीत तुझे सोबती अजून तोच शिळा विनोद करतात म्हणे, इटालियन रणगाड्याला पुढे जायचा गिअर एक आणि मागे यायचे चार! आणि तुझा जाड्या फोरमन विचारतो, रोमन लोकांनी जग जिंकलं, मग तुमच्या वाट्याला काय उरलं रे, नुसती मॅकरोनी? तू ताडकन उठून सांगितलंस, माझा बाप छातीवर गोळी झेलून मेलाय. हे वाचून मी चुलीपुढे बसून रडले. चुलीवरची मक्याची पोलेंता करपली.

चार नोव्हेंबरच्या, युद्धात पडलेल्यांच्या समारंभाला तू येणार, नवा कोट शिवलायस, चौकातल्या स्मारकावर बापाच्या नावाशेजारी उभा राहून फोटो काढणार. बाळा, त्या दगडावर तुझ्या बापाचं नाव नाही. एक्केचाळीस नावं आहेत, त्यात सिल्व्हेरिओ नाही. तुझ्या आईने तू तीन वर्षांचा असताना तुला घेऊन गाव सोडलं, ते याच लाजेपायी. तुला काय सांगायचं ते तिनेच ठरवलं. आता ती गेली, आणि सांगणारी मी एकटी उरले.

सोळा साली पहिलं महायुद्ध आमच्या डोंगरावरच येऊन बसलं. खेचरं तिथे चढेनात, म्हणून आम्ही गावच्या बायका पाठीवरच्या टोपल्यांतून पाव, काडतुसं, तोफगोळे वर न्यायचो. मी चालता चालता दादासाठी, तुझ्या बापासाठी, मोजे विणायचे. त्याची तुकडी वरच होती. कप्तान शहरातला, डोंगर त्याने नकाशातच पाहिलेला. म्हणाला, भर उन्हात समोरून सुळका चढा. दादाने त्या सुळक्यावर लहानपणापासून शेळ्या चारल्या होत्या. तो म्हणाला, साहेब, धुकं उतरू द्या, मागच्या घळीतून मी नेतो सगळ्यांना. आत्ता गेलो तर एक वाचायचा नाही. कप्तान ओरडला, मला शिकवतोस, भेकडा? दादाने नाही म्हटलं नव्हतं रे, थांबा म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली आणून संध्याकाळी चर्चमध्ये खटला, आणि उजाडताच चर्चमागच्या दफनभूमीच्या भिंतीशी उभा केला. गोळ्या आपल्याच पोरांच्या. तू तेव्हा आईच्या पोटात होतास. आठ दिवसांनी धुक्यात त्याच घळीतून सुळका घेतला आणि पदक लागलं कप्तानाच्या छातीवर. जळो मेलं ते पदक!

तर तुझ्या फोरमनला हे सांग. पळाले असतील काही, मी नाही कशाला म्हणू? पण मूर्खांचे हुकूम पाळून हजारो पोरं मेली, त्यांच्यावर हसायला जीभ रेटते तरी कशी? गावही काही कमी नाही. मला भेकडाची बहीण म्हणायचे, आणि ही भेकडाची बहीण पुढचे चौदा महिने त्यांच्याच पोरांसाठी ओझी वाहत होती.

आता म्हातारपणी सरकारला आमची आठवण झाली. नगराध्यक्ष बेप्पी आला, लहानपणी ज्याचं नाक मी पुसलंय तो. म्हणाला, ओलिवामावशी, ओझी वाहिलीत म्हणून पदक मिळतंय तुम्हाला. मी म्हटलं, पदक ठेव तुझ्यापाशी, दगडावर एक नाव कोर. तर मान खाली घालून म्हणतो, मावशी, तिथे शत्रूच्या गोळीने मेलेल्यांचीच नावं असतात, माझ्या हातात काही नाही.

पदक मी का घेत नाही, ते बेप्पीलाही पुरतं ठाऊक नाही. तुला सांगायचं म्हणूनच हे पत्र. खटल्याच्या दिवशी दुपारी मी काडतुसांचा डबा घेऊन निघाले होते. दादाला खाली आणलंय याची मला गंधवार्ताही नव्हती. वाटेत हवालदार म्हणाला, पोरी, आज वर नको नेऊस, चर्चमागे ठेव. तीन तासांची चढण वाचली म्हणून मला आनंद झाला. गाणं गुणगुणत घरी आले मी, एर्मेस. उजाडताच दादासाठी तोच डबा उघडला. त्रेपन्न वर्षं हे कुणापाशी बोलले नाही. चार तारखेला चौकात एकेक नाव पुकारतील आणि प्रत्येक नावाला सगळं गाव 'हजर' म्हणेल. एक्केचाळीस झाली की मी पुढे होऊन सिल्व्हेरिओ देल फाब्रो म्हणून पुकारणार आहे. हे वाचूनही यावंसं वाटलं, तर ये आणि 'हजर' तू म्हण. नाही आलास, तर तेही मीच म्हणेन.

तुझीच,
ओलिवाआत्या