तांबड्या लाकडाची मूठ

प्रिय चिमणे,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. उजवा डोळा सुजून जवळजवळ मिटलाय आणि गालांवर फोड आहेत. काळजी करू नकोस, हे मी स्वतःच ओढवून घेतलंय. का, ते सांगतो. तुझ्या पत्रात अगदी शेवटी एका ओळीचा प्रश्न होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे, पण तो शब्द लिहायला मला नऊ वर्षं मागे जावं लागतंय.

इकडची खबर म्हणजे तुझ्या आईने लेथच्या खोलीला पडदा लावलाय, भुसा स्वयंपाकघरात येतो म्हणून. भुसा पडद्याला जुमानत नाही, पण तिला हे सांगणार कोण? काम बरं चाललंय. दाढीच्या ब्रशची मूठ माझ्याच हातची हवी म्हणणारे हट्टी लोक अजून आहेत. आबनूस, ऑलिव्ह, मिळेल ते परदेशी लाकूड लेथवर चढवतो. तांबडं मात्र नाही. तू एकदा विचारलंस तेव्हा महाग पडतं म्हणालो होतो. ती थाप होती.

त्या मोजणीवाल्याशी तुझं लग्न ठरलं तेव्हा मी हवेत होतो. जमिनी मोजणारा, शांत, खिशात कायम टेपची गुंडाळी. मला तो मनापासून आवडला होता. त्याच्या ब्रशसाठी मी वखारीतलं सगळ्यात देखणं लाकूड उचललं, नारिंगी-तांबडं, आत काळ्या रेघा. वखारवाल्याने बजावलं की याची भुकटी अंगावर उठते, तोंडाला फडकं बांधा आणि मुठीवर जाड पॉलिश द्या. मी हसलो. तीस वर्षं लाकूड कातणाऱ्या माणसाला हा शिकवणार म्हणे. पॉलिशखाली लाकडाचा स्पर्श मरतो, म्हणून मी नुसतं मेण चोळलं. भोक पाडलं, केस बसवले, आणि केसांत अडकलेली भुकटी न धुताच ब्रश डबीत घालून त्याला दिला. डबीला रिबन तू बांधली होतीस.

पंधरा-वीस दिवसांनी तो आपल्याकडे आला तो ओळखू येईना. गाल, मान, पापण्या सगळं लालभडक, मध्येमध्ये पाणी भरलेले फोड. असं आजवर कधी झालं नाही, कशाने झालं कळत नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी विचारायला हवं होतं, बाबा रे, तोंडाला नवीन काय लावलंस? त्याऐवजी बैठकीत सगळ्यांसमोर, त्याच्या आईच्या देखत म्हणालो, "हा लपवलेला आजार आहे. माझी मुलगी मी आगीत ढकलणार नाही." तू दाराशी उभी होतीस. तुझा माझ्यावर विश्वास होता, तू ते खरं मानलंस. आठवड्याभरात त्यांच्याकडून सगळ्या भेटी परत आल्या. त्यात ती डबीही होती.

इथपर्यंत अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच महिन्यात उरलेल्या ठोकळ्यातून मी आणखी मुठी कातायला घेतल्या आणि थोड्याच दिवसांत माझ्या मनगटांवर तेच फोड उठले. मी पटाशी खाली ठेवली. सगळं कळलं मला, त्याच क्षणी. अगं, तू पलीकडच्या खोलीत होतीस. दहा पावलं चालायची होती, ती चाललो नाही. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे शर्ट घालून हिंडलो. तुझ्या आईला म्हणालो, भुसा टोचतो. खरं सांगितलं असतं तर चारचौघांत शब्द मागे घ्यावा लागला असता, आणि आपल्याच लाकडाची पारख नसलेला कातारी म्हणून हसं झालं असतं. एवढ्यासाठी गप्प बसलो. मग तू दूरची नोकरी धरलीस, आणि मी मनाची समजूत काढत राहिलो की मनगट वेगळं, चेहरा वेगळा, त्याला खरंच काही असेलही. लाज वाटते गं. रोज त्या लेथपाशी उभा राहतो आणि रोज वाटते.

मंगळवारी तुझं पत्र आलं. तो पुन्हा भेटला, त्याने पुन्हा विचारलं, तुझ्या मनातही हो आहे, आणि खाली ती ओळ, "बाबा, त्याचा तो आजार पुढे मुलांना होईल का?" मी कपाटातून डबी काढली, तोच ब्रश भिजवला, त्याच ब्रशने गालांवर फेस केला आणि माझी दाढी केली. स्वतःला द्यायला एकही सबब उरू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी आरशात तो दिसला, आपल्या बैठकीत उभा होता तसा. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. आजार नव्हताच, माझा ब्रश होता. तुझ्या आईला काल सांगितलं. तिने डोळ्याचं औषध आणून समोर आपटलं. तुझ्याआधी हे सगळं त्याला लिहिलं, आणि ते पत्र सकाळीच पेटीत टाकून आलो, म्हणजे तुला लिहिताना कच खाता येऊ नये. तू त्याला हो म्हण. लग्नाला मला बोलवायचं की नाही, ते मात्र त्याला ठरवू दे.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा