सत्तावन्न उलटे डोळे

१२ डिसें.
जाग पाचला. उठलो पावणेदहाला. मधल्या वेळेची नोंद नाही, कारण काही केलंच नाही. शोभा दोनदा चहा ठेवून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "अजी, बाया येऊन बसल्या ना वाफ्यावर!" सव्वीस वर्षं रोपवाटिका चालवून राहिलो, बाया माझ्याआधी कधी पोचल्या नव्हत्या.
दिवसाला तीनशे कलमा बांधणारा मी. आज एकेचाळीस. वाफा क्र. ४.

२ जाने.
वाफा ४ च्या पट्ट्या सोडायला घेतल्या. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे लागलेत, पण तीन दिवसांच्या बांधणीत ५७ उलटे. टोक खाली. कोंब जमिनीकडे तोंड करून निघणार. शिकाऊ माणूसही ही चूक एकदाच करतो.
दुर्गाबाईला बोललो. सगळ्या बायांसमोर. "डोकं घरी ठेवून येता का?" आणि आणखी, ते लिहीत नाही. अकरा वर्षं आहे माझ्याकडे, मीच शिकवलेली.
तिनं न सोडलेल्या एका कलमेची पट्टी दाखवली. उजवीकडून डावीकडे गुंडाळलेली. इथे डावखुरा मी एकटाच.
"भाऊ, चार नंबर तुमचा होय." आणि चालती झाली.
बाकीच्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं.

३ जाने.
दुर्गाबाई आली नाही. शोभानं विचारलं, काहून? म्हटलं, असेल काही काम.

९ जाने.
मला कोणी शिकवलं नाही. डोळा काढणं, खुंट निवडणं, सगळं पाहून आणि पुस्तकं वाचून. म्हणून मला हे काय होतंय तेही मोबाइलवर वाचलं. लक्षणं नऊ. माझी सात. पुन्हा मोजली, सहा. पुन्हा, सात.
रडू येत नाही. जेवण होतं, चव नाही. सुरी हातात घेतली की हात तसाच...
मोटार सुरू करायला विहिरीवर जातो आणि काठावर उभा राहतो. किती वेळ, ते लिहीत नाही.

१९ जाने.
पांढुर्ण्याला दवाखाना आहे, पण तिथे अर्धा बाजार मला ओळखतो. सौंसरहून नागपूरची बस धरली. घरी सांगितलं, ठिबकचं सामान आणायला चाललो.
डॉक्टरीण माझ्या पुतणीच्या वयाची. मी तीन पानं लिहून नेली होती, तारखांसकट. शेवटी निदानही: बी-बारा कमी. तिनं सगळं वाचलं. "काका, बी-बारा तपासू. मरावंसं वाटतं का?"
म्हटलं, ते कागदावर नाही.
"म्हणूनच विचारलं."
सांगितलं. बाहेर आलो तर शर्ट पाठीला चिकटलेला, जानेवारीत.
डिप्रेशन म्हणाली. गोळी रोज सकाळी एक, फरक दिसायला काही आठवडे, मनानं बंद करायची नाही. विहिरीवर एकटं जायचं नाही. घरच्या एकाला सांगायचंच, पुढच्या खेपेला त्याला सोबत आणायचं. "आणाल ना?" हो म्हटलं.
येताना ठिबकच्या नळीचं एक बंडल घेतलं. गरज नव्हती. खोट्याला पुरावा.

२८ जाने.
नववी गोळी. पाकीट खताच्या पोत्यामागे ठेवत होतो. शोभाला सापडलं.
"हे झाडाचं औषध होय का?"
हो म्हटलं.
तिनं पाकिटामागे औषधवाल्यानं लिहिलेलं वाचलं. "झाडाले रोज सकाळी एक? जेवणानंतर?"
मग सांगितलं. विहिरीचंही. ती मटकन पोत्यावरच बसली. म्हणाली, "मले वाटलं तुमचं माझ्यावरून मन उडालं. दिवाळीपासून मी हेच..."
वही चाळली. रोज किती कलमा ते आहे. तिचं नाव चहापुरतं आणि एका 'काहून'पुरतं.
मोटार आता तीच सुरू करते.

६ फेब्रु.
गोळी अठरावी. सकाळी आंघोळ कोणी न सांगता केली. बाकी फार फरक नाही.
शोभा म्हणाली, "दुर्गाबाईकडे जाऊन या. अर्धं नोका सांगू."
दुर्गाबाई अंगणात तुरी पाखडून राहिली होती. उभ्यानंच म्हटलं, चूक माझी होती. तुम्ही दाखवल्यावरही मी गप्प राहिलो. मी आजारी आहे.
"कायचा आजार?"
पहिले म्हटलं, डोक्याचा. मग म्हटलं, मनाचा. नागपूरचं औषध चालू आहे. एवढं बोलताना तिथून पळावंसं वाटलं.
तिनं सूप खाली ठेवलं. "माह्या भावालेही असंच झालं होतं, भाऊ. कोणी दवाखान्यात नेलं नाही त्याले."
निघताना म्हणाली, "राग गेला माहा. पण बोलले तुम्ही चारचौघीत, आणि हे मले एकटीले सांगून राहिले."
तिनं सूप पुन्हा उचललं, म्हणाली,
"सकाळी येतो मी. कामाले नाही, आयकाले. कामाचं मग पाहू."

७ फेब्रु.
गोळी घेतली. साडेआठ. बाया चार, वाफ्यावर बसल्यात. पाचवी दुर्गाबाई, उभी आहे. शोभाला म्हटलं, चूक झाली एवढंच सांगतो, आजाराचं कशाला? ती म्हणाली, "तुमचं तुम्ही पाहा."
चौघींपैकी दोघी पांढुर्ण्याच्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल.
पहिलं वाक्य तीनदा लिहून खोडलं. दुर्गाबाईनं घराकडे पाहिलं. जातो.