पुढच्या दाराची पट्टी

२ फेब्रुवारी
इंजिन सुरू झालं! पहिल्याच सेल्फला. मेकॅनिक म्हणाला, साहेब, आपलं काम संपलं, घेऊन जा गाडी. मी त्याला समजावलं की तुझं संपलं, माझं आता सुरू होतंय. तो हसला. कौतुकाने असावं.

राहिलं काय, तर फक्त वरचं सामान. ग्रिल, बंपरच्या टोप्या आणि दारांवरच्या क्रोमच्या पट्ट्या. चारपैकी एकच पट्टी शिल्लक आहे, पुढच्या दाराची. बाकीच्या कधी गळून पडल्या कोण जाणे.

वर जाऊन बाबांना सांगितलं. गाडी त्यांचीच, नोकरीभर त्यांनीच चालवली. म्हणाले, मग मला एकदा नदीच्या पुलापर्यंत फिरवून आण. मी म्हणालो, जरा दम धरा, पूर्ण होऊ दे. महिनाअखेरीला ताई त्यांना तिच्याकडे नेणार आहे, कायमचं. तिचं घर तळमजल्यावर आहे आणि आमचे तीन जिने आता बाबांना झेपत नाहीत. म्हणजे हातात जवळजवळ महिना आहे. महिन्यात लोक लग्न ठरवून उरकतातसुद्धा.

५ फेब्रुवारी
धोरण ठरलं. ओरिजनल म्हणजे ओरिजनल. बाजारात नव्याने बनवलेल्या पट्ट्यांचा अख्खा सेट मिळतो, पण तो डुप्लिकेट. बाबांना डुप्लिकेट गाडीतून फिरवायचं? माझ्या हातून होणार नाही.

बायको म्हणाली, रस्त्यावर कुणाला कळणार आहे? मी म्हणालो, मला कळेल. ती म्हणाली, तू आत बसलेला असशील, पट्टी बाहेर असते. या बाईशी तत्त्वावर बोलण्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी
डुप्लिकेट सेट मागवला. फक्त तुलनेसाठी. आमच्या पट्टीशेजारी ठेवून भिंगातून पाहिला. हसू आलं. आमच्या पट्टीची मधली शीर किती मऊ, गोलसर. यांची सुरीसारखी. शेवटचं वळणही वेगळं. त्याकाळच्या कारागिरीची सर कशाला येते!

सेट परत. दुकानदार म्हणाला, आजवर कुणाची तक्रार नाही. कशी असेल? त्यांच्याकडे ताडून बघायला ओरिजनल नसते. माझ्याकडे आहे.

१० फेब्रुवारी
पट्टीला उगाच ओरखडा नको म्हणून दारावरून काढली. मऊ टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली, बायकोच्या खणात. तिचे स्वेटर सध्या खुर्चीवर.

आता गाडीला एकही पट्टी नाही. पण हे तात्पुरतं.

१४ फेब्रुवारी
सापडल्या! जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एका रिटायर्ड हेडमास्तरांनी फोटो टाकलाय. तीन पट्ट्या, कारखान्याच्या मूळ कागदात. हव्या त्या तीनच! बाबांना सांगून टाकलं, रविवारी पूल.

१५ फेब्रुवारी
सकाळी बसने हेडमास्तरांच्या गावी. आपली पट्टी टॉवेलासकट बरोबर. त्यांनी चहा केला, कागद उलगडला. मी पट्टी शेजारी ठेवली आणि मन खट्टू झालं. मधली शीर सुरीसारखी! शेवटचं वळण वेगळं! थेट त्या दुकानातल्या सेटसारखं.

मी त्यांना सौम्यपणे सांगितलं की मास्तर, तुम्हाला कुणीतरी गंडवलंय. ते म्हणाले, हे पुडकं माझ्या भावाने शोरूममध्ये माझ्यासमोर घेतलं होतं. मी म्हणालो, कागद खरा असेल, माल बदलला असेल. मग नकली माल कसा ओळखावा यावर थोडं मार्गदर्शन केलं. ते पट्ट्या पुन्हा कागदात गुंडाळत बसले. वाईट वाटलं मला त्यांचं.

घरी येऊन ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं. बऱ्याच अंगठ्यांनी दाद मिळाली.

१७ फेब्रुवारी
रविवारचा पूल पुढे ढकलला हे बाबांना सांगायचं राहूनच गेलं होतं. ते सकाळपासून बूट घालून खुर्चीत बसले होते म्हणे. बायकोने दुपारी काढले. ती आज माझ्याशी बोलत नाहीये. माणसाने एखादं काम नीट करायचं ठरवलं की घरचेच आधी आडवे येतात.

मेकॅनिकचा निरोप, साहेब, जशी आहे तशी काढा ना गाडी, इंजिन मस्त आहे. जशी आहे तशी! हा माणूस स्वतःच्या मुलाला बिनशर्टाचा शाळेत पाठवत असेल.

२१ फेब्रुवारी
बाबांना समजावं म्हणून आज पट्टी त्यांच्या खोलीत नेली. म्हटलं, बघा, खरी वस्तू म्हणजे काय ते. त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली. मग म्हणाले, ही होय, ही मी ठोकून घेतली होती.

मी म्हणालो, काय?

म्हणाले, तुझ्या आईला गाडी शिकवत होतो, तिने दार गेटला घासलं. पट्टी पार चेपली. कोपऱ्यावर एक पत्र्याची कामं करणारा होता, त्याने एका दुपारीत दुसरी करून दिली. जरा ओबडधोबड झाली, पण आजोबांना कळली नाही. तिला कुणी बोलायला नको, म्हणून मी पण कुणाला सांगितलं नाही.

मी विषय बदलला. वय झालंय, आठवणींची सरमिसळ होते.

संध्याकाळी
पट्टीची मागची बाजू पाहिली. हातोडीचे ठोके आहेत. सगळीकडे.

२२ फेब्रुवारी
घाबरण्याचं कारण नाही. याचा अर्थ हेडमास्तरांच्या पट्ट्या ओरिजनल! उलट प्रश्न सुटला. लगेच फोन लावला.

म्हणाले, ग्रुपवर सगळे हसले हो. नकली माल घरात कशाला, म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकला. तुमचे आभार, तुमच्यामुळे कळलं.

त्यांनी पुन्हा चहाला यायचा आग्रह केला.

२३ फेब्रुवारी
नवं धोरण. रिप्रॉडक्शनसुद्धा वाईट नसतं. जगभर लोक वापरतात. डुप्लिकेट हा शब्द मुळात चुकीचा. दुकानात गेलो. मी परत केलेला सेट दुसऱ्याच दिवशी विकला गेला. पुढचा माल मार्चअखेर. दुकानदार हे सांगताना जरा जास्तच खुशीत होता.

हरकत नाही. मधला वेळ वाया घालवायचा नाही. डॅशबोर्डवरच्या घड्याळांच्या कडा काळ्या पडल्यात, त्या आणि स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग प्लेटिंगला देतो. एका सकाळचं काम.

२५ फेब्रुवारी
एका सकाळचं नाही. कडा काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. वायरी बाहेर आहेत. कुठली कुठे होती याची खूण करायची राहिली. मेकॅनिकला बोलावलं. त्याने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, साहेब, चालू होती ना ही? मी हो म्हणालो. तो खाली बसला.

किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाला, महिनाभर तरी नाव काढू नका.

२७ फेब्रुवारी
बाबांच्या खोलीत गेलो. बायको त्यांचे कपडे घडी करून बॅगेत भरत होती. काय सांगायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. बाबा म्हणाले, राहू दे रे, पूल काय पळून जातोय. मला एकदम रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

२८ फेब्रुवारी
सकाळी ताई आणि मेहुणे आले. बाबांना खुर्चीत बसवून मी आणि मेहुण्यांनी खाली आणलं. दर मजल्यावर टेकलो. बाबा खूप हलके झालेत. मला माहीत नव्हतं.

खाली आल्यावर म्हणाले, निघायच्या आधी मला गाडीत बसव. ताई म्हणाली, उशीर होतोय. मेहुणे बॅग घेऊन त्यांच्या गाडीकडे गेले. ती आमच्या गाडीच्या मागेच लावली होती.

बाबांना स्टिअरिंगपाशी बसवलं. मी शेजारी. पुढे डॅशबोर्डच्या जागी नुसतं भोक आणि लोंबत्या वायरी. मी त्यांच्यासमोर हात धरला, दिसू नये म्हणून. पण त्यांची नजर तिकडे नव्हतीच. एवढ्या जवळचं त्यांना आता फारसं दिसत नाही. पट्ट्यांचं एका शब्दाने विचारलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, जरासं हलवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

मग तळहाताने स्टिअरिंगच्या मधोमध दाबलं. तिथे रिंग नाही, वायरही नाही. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

तेवढ्यात मागून मेहुण्यांनी हॉर्न दिला. लांबलचक.

बाबांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, अजून तसाच वाजतो रे!

मी म्हणालो, हो बाबा. ओरिजनल आहे.