न्यानला कोणीतरी सांगायला हवं

लि सोन बेट,
दुसरा चांद्रमास, दशमी

प्रिय खोआदादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. लसूण निघाला. यंदा गड्डा बारीक आहे, पण वास अजून आपल्याच मातीचा आहे. टोआनबरोबर हे पत्र आणि एक पोतं सायगॉनला पाठवते. वहिनींना म्हणावं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकू नका, मागच्या वेळचं मला कळलं आहे.

मी पत्र का लिहिते आहे ते तू ओळखलं असशील. तुझं या घराशी बोलणं नाही, तरी न्यानची बातमी तुझ्यापर्यंत पोचली असणारच. देह मिळाला नाही, म्हणून चतुर्दशीला मातीचा देह पुरून आपण त्याची वाऱ्याची कबर करतो आहोत. तू यावंस असं मला वाटतं.

थुइ आधी तयार नव्हती. नवरा हरवला आहे म्हणते, मेला कुठे आहे? पण मुलगी वर्षाची होत आली आणि बापाला धूप कुठे लावायचा ते तिला दाखवायला जागा नको का? शेवटी थुइनंच त्याचा निळा सदरा काढून दिला. त्रीम आजोबा डोंगरावरची माती घेऊन आले आहेत. तुतीच्या काटक्यांची हाडं बांधून झाली, काल त्यावर माती चढवायला लागले. खांदे विचारले, मी सांगितले. कपाळ विचारलं, तेही सांगितलं. माझ्या मुलाचं माप मला तोंडपाठ आहे.

शोध घ्यायला कोणी जात नाही. न्यान हरवला त्या होआंग सा बेटांच्या खडकापाशी पलीकडच्या देशाची जहाजं उभी आहेत. ते म्हणतात खडक आमचा, आपलं सरकार म्हणतं आमचा. तालुक्याचे साहेब आले होते. नवा झेंडा, तांदळाची पिशवी आणि तेलाची बाटली देऊन गेले, थुइला मध्ये उभं करून फोटो काढला. निषेध कळवला आहे म्हणाले. मी विचारलं, निषेध कळला की ते आम्हाला तिथं बुडी मारू देतील का, एकदाच, बघण्यापुरती? ते फार सभ्य गृहस्थ होते. वाकून नमस्कार करून निघाले.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

तो वादळात गेला असं तू ऐकलं असशील. आम्हीच तसं सांगत होतो. त्या दिवशी समुद्र तळ्यासारखा होता. न्यान बोटीवरून सोडलेली हवेची नळी दातात धरून खाली समुद्रकाकड्या वेचत होता. ते मोठं जहाज सरळ अंगावर आलं. वर बोटीवर हे होते. दोऱ्या ओढून बुडीवाल्यांना इशारा दिला. न्यानच्या जोडीचा टोआन वर आला. न्यानची नळी खडकात अडकली होती. नळी पाण्यात असताना इंजिन लावलं तर ती पंख्यात गुंडाळली जाते आणि बोट जागीच ठार होते, हे बेटावरच्या माणसाला मी सांगायला नको.

नळी यांनी तोडली. दुसऱ्या कोणाला कुऱ्हाड हातात घेऊ दिली नाही.

हे मला यांनी सांगितलं नाही, टोआननं सांगितलं. लसूण उपटता उपटता मध्येच मातीत बसला आणि म्हणाला, "काकी, मी जिवंत आहे त्याची मला लाज वाटते." दोन दिवस आपली बोट बाहेर घिरट्या घालत राहिली. पुढं गेलं की जहाज पाण्याचे फवारे मारी. मग डिझेल संपत आलं.

मला यांचा राग येतो, दादा. जेवताना येतो, यांच्या खोकल्याचा आवाज आला तरी येतो. आणि तो करायला जागा नाही. बोटीवर टोआन होता, थुइचा सख्खा भाऊ होता, म्हाताऱ्या बाऊचे दोन्ही मुलगे होते. यांनी हात आवरला असता तर आज त्रीम आजोबांना सहा माणसांची माती लागली असती.

तू म्हणशील, पोराला मी दुकानात घेत होतो, तुझ्या नवऱ्यानं अडवलं. कापड मोजणं बायकांचं काम, असं हे म्हणाले होते, तेही मला आठवतं. तू म्हण. पण पत्रात म्हण, इथं येऊन नको.

काल अडलं ते इथं. तुला माहीत आहे, आत्म्याला मातीच्या देहात बोलावताना मेलेल्याला तो कुठे आणि कसा गेला ते घरच्या माणसानं सांगायचं असतं, नाहीतर तो तिथंच भटकत राहतो. हे पहिल्यांदाच तोंड उघडून बोलले, "वादळात गेला असं सांगा." त्रीम आजोबा माती थापता थापता थांबले. म्हणाले, "त्याला काय सांगता? तो तिथंच होता की."

हे उठून धक्क्यावर गेले ते अजून आलेले नाहीत. जेवण तिकडेच पाठवते. भांडं रिकामं येतं, पण धक्क्यावरचं कुत्रंही तृप्त दिसतं म्हणे.

मी सांगून बघितलं, एकटीच, त्या मातीसमोर. 'न्यान' एवढंच निघतं. थुइला सांगायला लावणं माझ्यानं होत नाही. उरलास तू. त्याचा मामा आहेस, त्याच्यावर तुझा जीव होता.

म्हणून ये. त्याला सांग, नळी तुझ्या बापानं तोडली. लपवू नकोस. मग वर कोण कोण होतं त्यांची नावं घे, एकेकाचं. त्याची सगळ्यांशी ओळख आहे. ते परत का आले नाहीत असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं, ते मला माहीत नाही. तो खडक कोणाचा हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यापैकी कोणी चतुर्दशीला येणार नाही.

हे तुझ्या समोर यायचे नाहीत. कुंपणाबाहेर कुठेतरी उभे असतील. तू यांच्याकडे बघू नकोस, खड्ड्याकडे बघून बोल. पण आवाज मोठा ठेव, दादा. कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतका.

तुझी वाट बघणारी,
न्यानची आई