ओट्याच्या मालकीबाबत

मी, कृष्णराव सदाशिव शेलार, वय एकाहत्तर, नोकरी पूर्वी मिलच्या विणाई खात्यात, हल्ली ओट्यावर, राहणार जुनी इंदूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे, आमच्या रजतला विचारू नये.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी मनोरमा हिची. तिच्या पश्चात घर मुलगा रजत याचे.

कलम २. माझे पाने-पेचकस जावयाला. त्याला वापरता येत नाहीत, पण मागून नेलेले तो परतही करत नाही, तेव्हा तंटा नको.

कलम ३. आमचे घर आणि शेजारच्या भानुमतीबाई दिघे यांचे घर, या दोहोंमध्ये एक दगडी ओटा आहे. तो कोणाचा, यावरून आमची बोलचाल बंद होती. मधोमध मी चुन्याची रेघ मारली होती. बाईंचा पाय रेघेपलीकडे आला की मी खाकरत असे.

मिल बंद पडली, दिवस खायला उठला. म्हटलं, एकदाचा निकाल लावू, आणि सरकारी अभिलेखागारात गेलो. अर्जात संशोधनाचा विषय लिहिला, ‘शेजारणीची खोड मोडणे’. तिथले बाबू म्हणाले, “भिया, ये नहीं चलेगा,” आणि स्वतःच ‘स्थानिक इतिहास’ लिहिलं. भला माणूस.

होळकर दरबारच्या काळचा आमच्या मोहल्ल्याच्या कागदांचा बस्ता निघाला. त्यातल्या नकाशात दोन घरं, मधे ओटा, खाली मोडीत मजकूर. मला मोडी येत नाही. तिथे पेन चालत नाही, म्हणून पेन्सिलीने अक्षर न् अक्षर चित्रासारखं उतरवलं आणि त्याच संध्याकाळी गल्लीत जिलबी वाटली. खाता खाता कोणीतरी विचारलं, “काका, पर लिखा क्या है?”

गल्लीत मोडी येते फक्त भानुमतीबाईंना. त्यांचे वडील दरबारच्या दफ्तरात कारकून होते. मनोरमा कागद घेऊन गेली. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि पोट धरून हसल्या.

“शेलार, ओटा तुमचा नाही. माझाही नाही. हत्तीवर चढायला बांधलाय. मालकी हत्तीखान्याची.”

त्या खोटं वाचत्या तर मला कळलंही नसतं. तेव्हापासून आम्ही तिघं रोज तिथे चहा पितो आणि हत्ती आला तर आधी कोणी उठायचं यावर भांडतो. मला ही भांडणं फार आवडतात. रेघ मात्र मी दर दिवाळीला सवयीने गिरवत आलो.

कलम ४. विजय नगरला राहणाऱ्या रजतने हप्त्यावर मारुती घेतली आहे. इथे आल्यावर ती उभी करायला ओटा फोडायचं त्याच्या मनात आहे. बेटा, जे माझं नाही ते तुला कसं देऊ? फोडायचाच असेल तर हत्तीची लेखी संमती आणावी.

कलम ५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं वकील म्हणतात. भानुमतीबाई साक्षीदार आहेत, त्यांना मी काहीही देत नाही. फक्त रेघ आज पुसली आहे. मी गेल्यावर त्यांनी खुशाल पाय पसरून बसावं.

ठिकाण: सदर ओटा, जुनी इंदूर
तारीख: १५ नोव्हेंबर १९९८
(सही) कृष्णराव शेलार

साक्षीदार:
१. डॉ. अरविंद पाटणकर. शुद्धीत आहेत.
२. भानुमती दिघे. वाचून सही केली. पाय पसरणार नाही. शेलारांची जागा मोकळी ठेवीन, हत्ती आला तरी.